गिरणीवाल्याचा चेहरा

१७ सप्टेंबर १९६८

आलो एकदाचा! नाट्यसंस्थेतल्या माझ्या वर्गातल्या बाकीच्यांना डोंगरातली थिएटरं मिळाली, मला मात्र डॅन्यूबकाठचं हे गाव. खोली थिएटरच्या मागच्याच गल्लीत आहे. खिडकीतून नदी दिसते आणि तिच्यापलीकडचा रुमानिया. घरमालकिणीनं आल्या आल्या भाजलेल्या मिरच्या आणि पांढरं चीज पुढे केलं आणि नट म्हणजे कायमचा उपाशी प्राणी, खा बाबा, असं म्हणाली. मी खाल्लंही तसंच, काही न लाजता.

थिएटरच्या दारावर स्पास मांजुकोव्ह यांच्या निधनाचा कागद अजून चिकटलेला आहे. पावाच्या दुकानावर, बसथांब्यावर, चौकातल्या चिनाराच्या खोडावरही तोच. ऑगस्टच्या वीस तारखेला गेले. गंमत अशी, की कागदावरचा फोटो त्यांचा नाहीच, गिरणीवाल्याचा आहे! झुबकेदार पांढऱ्या मिशा, चिकटवलेलं नाक, पिठानं माखलेल्या भुवया. एकोणीस वर्षं त्यांनी रंगमंचावर हा म्हातारा उभा केला, मग त्याचा सिनेमा निघाला, आणि अख्खा देश त्यांना त्याच तोंडानं ओळखू लागला. रंगभूषा करणाऱ्या त्सोनाताई सांगत होत्या, की स्पासकाकांच्या बायकोला, पेन्कामावशींना, घरात बिनमिशांचा एकही फोटो सापडला नाही. जो कॅमेरा घेऊन यायचा तो आधी मिशा लावा म्हणायचा. मला हसू आलं. नटाला याहून मोठी पावती कोणती? त्सोनाताई मात्र हसल्या नाहीत.

२१ सप्टेंबर

एकाच दिवशी दोन बातम्या. आमचे व्यवस्थापक गेर्गिनोव्ह यांनी बोलावून सांगितलं, की गिरणीवाला आता तू. मी पंचविशीचा! त्यावर ते म्हणाले, वय त्सोनाताई रंगवेल, तू फक्त खोकायला शीक. अठ्ठावीसला स्पासकाकांचा चाळिसावा दिवस, त्या संध्याकाळी पहिला प्रयोग त्यांच्या स्मरणार्थ.

दुसरी बातमी सोफियाहून. सिनेमाचे दिग्दर्शक राइचेव्ह यांनी मला संस्थेच्या परीक्षेच्या नाटकात पाहिलं होतं. त्यांना खेड्यातला तरुण मास्तर हवा आहे. असा स्वच्छ चेहरा आजकाल मिळत नाही, असं पत्रात लिहिलंय. एक साधा फोटो पाठवा, नोव्हेंबरात मी स्वतः येऊन तुम्हाला घेऊन जाईन. स्वच्छ चेहरा! मी आरशापुढे अर्धा तास घालवला, कबूल करतो.

२८ सप्टेंबर

त्सोनाताईंनी निधनाचा कागद आरशाला टोचला आणि त्यावर बघून मला रंगवलं. दुसरा फोटोच नाही म्हणाल्या. गावभर आज चाळिसाव्याचे नवे कागद लागलेत, फोटो तोच.

मी रंगमंचावर पाऊल टाकलं, पण टाळी पडली नाही. पुढच्या रांगांतल्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एकीनं हुंदका दिला. मी खोकलो, संवाद म्हटला, प्रयोग पार पडला. शेवटी फुलं मात्र भरपूर आली.

खोलीवर येऊन ती पाण्यात ठेवताना लक्षात आलं, की प्रत्येक गुच्छात फुलं सम आहेत. जिवंत माणसाला कुणी सम फुलं देत नाही. ती कबरीवर वाहायची. स्मरणार्थ प्रयोग होता म्हणून असेल.

६ ऑक्टोबर

चार प्रयोग झाले आणि चारही वेळा सम फुलं.

दुपारी खाणावळीत गेलो, तोंड स्वच्छ धुऊन. खाटीक, पोस्टमन, सगळे ओळखीचे झालेत. रकियाचे, इथल्या फळांच्या दारूचे, पेले भरले, सगळ्यांनी एकमेकांशी किणकिणवले, माझ्या पेल्याला मात्र कुणी पेला लावला नाही. वर पोस्टमननं पिण्याआधी दोन थेंब माझ्या बुटाशी जमिनीवर सांडले, मेलेल्यांसाठी सांडतात तसे. मी चिडून विचारलं, हे काय चाललंय? तो शरमला. अरे पोरा, हात आपोआप गेला बघ, म्हणाला, तुझ्याकडे पाहिलं की होतंच असं. खाटीक म्हणाला, मनावर घेऊ नकोस, पण तुझ्यासाठी घरी रोज मेणबत्ती लावतो आम्ही. मग त्यानं जीभ चावली.

मी हसून वेळ मारून नेली. ताट मात्र तसंच ठेवून निघालो.

१३ ऑक्टोबर

रंगपटात माझ्या आरशापुढे साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांची वाटी आणि पेटती मेणबत्ती. मृताच्या नावानं वाटतात तो गहू. पेन्कामावशी ठेवून गेल्या, असं कळलं. तडक त्यांच्या घरी गेलो.

म्हातारीनं दारातच माझे हात धरले. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात पाणी. चाळिसाव्यापासून स्पास रोज स्वप्नात येतो म्हणाल्या. फाटकाबाहेर भिजत उभा असतो, उपाशी. म्हणतो, पेने, तू वाटतेस ते सगळं त्या मिशाळाला पोचतंय गं, मला एक दाणा मिळत नाही. माझ्या तोंडानं कधी रडलीस का मला?

गावानं चुकीच्या तोंडाला निरोप दिला होता, आणि ते तोंड रोज संध्याकाळी मी लावतो. मला भीती वाटते आहे. हे पहिल्यांदाच लिहितोय.

२५ ऑक्टोबर

हात गार पडलेत, शेकोटीशी बसूनही. डॉक्टर नाडी शोधत राहिला, मनगटावर, मग गळ्यावर. सापडली तेव्हा त्यालाच हायसं वाटलं. लिव्हर खा म्हणाला.

गेर्गिनोव्हना सांगितलं, मी हे काम सोडतो. ते म्हणाले, भुताला भिणारा नट पहिल्यांदाच पाहतोय, सोड खुशाल, मग राइचेव्हला मी काय सांगायचं तेही ऐकून ठेव. संध्याकाळी पुन्हा मिशा लावल्या. मास्तरचं काम हातचं गेलं तर माझ्याजवळ उरलं काय?

मिशांचा डिंक नीट निघत नाही हल्ली. त्सोनाताई घासतात, कातडी लाल होते आणि खालून पुन्हा म्हातारा डोकावतो.

३ नोव्हेंबर

सुचलं! वीस तारखेला स्पासकाकांना जाऊन तीन महिने होतील, तेव्हा पुन्हा नवे कागद लागणार. त्यावर स्पासकाकांचा खरा चेहरा आला, की झालं. लोक त्यांना त्यांच्याच तोंडानं रडतील आणि मी सुटेन. पेन्कामावशींच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, चौकातल्या म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे जुनी खोकी आहेत, त्याला सांगते, नटाचा बिनमिशांचा फोटो काढून दे.

मीही तिथंच जाऊन माझा फोटो काढून घेतला, राइचेव्हसाठी. नितळ आलाय. मीच आहे, पंचवीस वर्षांचा. जीव भांड्यात पडला.

१४ नोव्हेंबर

सापडला! पेन्कामावशींनी निरोप धाडला, लग्नाआधीचा आहे, छापायलाही दिला. आज बऱ्याच दिवसांनी जेवलो. नाडी अजून मंदच आहे, पण सहाच दिवस राहिले.

२० नोव्हेंबर, सकाळ

पावाच्या दुकानावर नवा कागद. नाव स्पास मांजुकोव्ह.

फोटो माझा.

माझा. या महिन्यात काढलेला. कॉलर, भांग, हनुवटीवरचा व्रण. फोटोवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, बाईंनी नटाचा बिनमिशांचा मागितला, समोर होता तो दिला.

पेन्कामावशींना सांगितलं. त्यांनी कागद चांगल्या डोळ्याशी नेला, कुरवाळला. अगदी असाच होता रे, म्हणाल्या. आता माझ्याकडे नजरच नाही त्यांची, फक्त कागदाकडे —

दुपार

चिनारावरचा फाडला. बसथांब्यावरचा फाडला. बायका ओरडल्या, मेलेल्याची तरी लाज बाळग! मी म्हटलं, बघा ना माझ्याकडे, हा मीच. एक म्हणाली, हो रे राजा, कळतंय, आता जा शांत. सगळ्या रडायला लागल्या. किती तरुण, किती गोड चेहरा, म्हणत —

आधी मिशा होत्या. त्या निघत तरी होत्या. आता काय काढू?

आरशावर श्वास सोडला. काच तशीच. पुन्हा सोडला —

चार वाजता

रंगपटात आहे. खाली गाडी थांबली. राइचेव्ह! आवाज ओळखला. विचारतायत, व्हेलिन कुठंय, न्यायला आलोय.

कुणी उत्तर देत नाही. ते दारापाशी असणार. दारावर कागद आहे. तो फाडायचा राहिला —

त्सोनाताईंचं रडणं. राइचेव्ह हळू बोलतायत. अरेरे म्हणाले. एवढा स्वच्छ चेहरा, म्हणाले.

अहो, मी वर आहे! हाक मारली. मारली ना? मला ऐकू आली नाही —

गाडी गेली.

जिन्यावर पावलं. बायकांची. गव्हाचा, मेणाचा वास. पेन्कामावशी पुढे आहेत. दार उघडंच आहे, मला फक्त उठायचंय. उठून सांगायचं, मी व्हेलिन. एवढंच. हात गार, पण लिहितोय ना, लिहितोय म्हणजे —

माझे हात छातीवर कोण ठेवतंय