मिशन शाळेच्या भिंतीबाबत खुलासा

चि. धाकटीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

मी, या पत्राखाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण, धंदा पुस्तकबांधणी (आता निवृत्त, तरी हातातली सुई सुटलेली नाही), शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण, असे लिहून देतो की पुढील मजकूर मी पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे नाव येथे लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि पत्र वाचून झाल्यावर तू त्यामागे कोणते विशेषण लावशील ते कळल्यावाचून ते लिहिण्यात अर्थ नाही.

तुझ्या गुडघ्याचे कसे आहे? मागील पत्रात तू ‘बरा आहे’ इतकेच लिहिले होतेस. दुखत असतानाच ‘बरे आहे’ म्हणण्याची तुझी लहानपणापासूनची खोड, म्हणून पुन्हा विचारतो. मेहुण्यांच्या दम्यास उतार पडला असेलच. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे, त्याप्रमाणे लिहिले.

पत्रास कारण की, माझी नात सातवी उत्तीर्ण झाली व आठवीचा प्रश्न उभा राहिला. आमच्या बाजूला आठवी असलेल्या शाळा तीन. एक केवळ मुलांची. दुसरी दोन बसगाड्या बदलून जाण्याची. तिसरी मिशनची कन्याशाळा, आमच्या दारापासून चालत बारा मिनिटे. (तुला ती ठाऊक आहे. मी उगाच पत्ता सांगतो आहे.) सून म्हणाली, मिशनचीच. ती इस्पितळात परिचारिका असल्यामुळे तिचे बोलणेही सुईसारखे, आधी टोचते व गुण मागाहून येतो. मुलगा टपाल कचेरीत असल्यामुळे कोणताही निर्णय दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवतो. तो म्हणाला, शाळा चांगली आहे, पण शाळेचे नाव चांगले नाही. लोक काहीबाही बोलतात. त्यावर सून म्हणाली, “लोक म्हणजे कोण? एकाचं तरी नाव सांगा.” तेव्हा तो म्हणाला, हवे तर एक वर्ष थांबू. ‘एक वर्ष थांबू’ हे शब्द या घरात पूर्वी एकदा उच्चारले गेले आहेत, आणि ते वर्ष अद्याप संपलेले नाही, हे तुला मी सांगावयास नको. मला त्या क्षणी जोराचा खोकला आला. खोकला थांबल्यावर मी जाहीर केले की, या शाळेच्या लौकिकाची रीतसर चौकशी मी स्वतः करीन व अहवाल देईन. नातीने विचारले, “आजोबा, तुमचा अहवाल वाईट आला तर मी कुठे जायचं?” मी म्हणालो, सत्य निघेल ते निघेल. ती म्हणाली, “म्हणजे घरी,” आणि दप्तर उचलून आत गेली.

चौकशीसाठी मी स्वतंत्र वही बांधली. कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडे, आत चार रकाने: कोण बोलले, काय बोलले, कोणाकडून ऐकले, बोलताना इकडेतिकडे पाहिले काय. पहिला जबाब शेजारच्या बाईंचा. (या बाईंना गल्लीत ‘बिनतारी’ म्हणतात. बातमी पाठवण्यास त्यांना तार लागत नाही.) त्यांनी सांगितले की, त्या शाळेतल्या सात मुली भरदिवसा भिंतीवरून उड्या टाकून पळाल्या, बाहेर मोटार उभी होती, आणि त्यातल्या दोघींची लग्ने आजतागायत झाली नाहीत. कोणाकडून ऐकले? औषधवाल्याकडून. औषधवाल्याने पुड्या बांधता बांधता सांगितले की मुली तीन होत्या, मोटार नव्हती, सायकली होत्या, आणि लग्नाचे त्याला काही ठाऊक नाही. त्याला कोणी सांगितले? न्हाव्याने. न्हावी माझी हजामत अर्धी करून म्हणाला, “तीन कशाला, एकच होती. सायकल कुठली? पायीच पळाली.” नदीच्या उगमाकडे चालत जावे तसे हे पात्र अरुंद होत चालले होते आणि मी मनातून खूश होतो. माझी खात्री झाली होती की, आणखी एका मुक्कामानंतर ही मुलगी नाहीशी होईल, शाळा निर्दोष ठरेल व अहवालावर माझी सही झोकात पडेल.

न्हाव्याने हे कोणाकडून ऐकले, तर त्याच्या वडिलांकडून. वडील तिथेच होते. वय नव्वदीच्या पुढे, कोपऱ्यातल्या बाकावर बसून जुन्या वर्तमानपत्राने माश्या वारतात. मी वही उघडून, आवाज चढवून (त्यांना ऐकू कमी येते, आणि त्यामुळे दुकानातल्या सर्वांना ऐकू जास्त गेले) विचारले की, भिंतीवरून उडी टाकलेल्या मुलीची हकिकत आपणांस कोणी सांगितली? म्हाताऱ्याने माझ्या अर्ध्या साबण लावलेल्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. मग माझ्या डाव्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, “अरे, तूच की! ह्याच खुर्चीत. बोटाला हे एवढं फडकं होतं. म्हणालास, असली शाळा, तिथं मुली भिंती ओलांडतात. मी म्हटलं, कुणाची रे पोरगी? तर म्हणालास, असेल कुणाची तरी.”

दुकानात तीन गिऱ्हाइके होती. कोणी हसले नाही. हसले असते तर मी रागावलो तरी असतो. मी उरलेली अर्धी हजामत न करता उठलो आणि एका गालाने मोठा, एका गालाने लहान असा घरी आलो.

आता जे लिहावयाचे आहे त्यासाठी मी दोनदा टाक धुतला. धाकटे, पंचावन्न वर्षांपूर्वी कारखान्यात माझी करंगळी कागद कापण्याच्या यंत्राखाली गेली, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, व नवा कारागीर म्हणून बाकीच्यांना एका हाताने कागद कसा सरकवावा हे दाखवीत होतो. (यंत्राचा काही दोष नव्हता. घरी मी यंत्राला दोष दिला.) तुला शाळेत कोणी तरी कळवले. फाटकावर परवानगी मागत बसण्याइतका तुला धीर नव्हता, म्हणून तू भिंत ओलांडलीस आणि अनवाणी धावत आलीस. तू आलीस तेव्हा मी जमिनीवर बसून आईच्या नावाने गळा काढून रडत होतो. चार कारागीर पाहत होते. तू वेणीची फीत सोडून माझे बोट बांधलेस आणि त्यांना म्हणालीस, “बघताय काय? पाणी आणा.” त्यांनी आणले. तेरा वर्षांच्या मुलीचे ऐकले, आणि मी रडत होतो. हे मला सोसले नाही. संध्याकाळी वडिलांनी विचारले, ही कारखान्यात कशी पोहोचली, तेव्हा बोटाची गोष्ट मी एका वाक्यात उरकली व भिंतीची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. वडील म्हणाले, एक वर्ष थांबू, आणि शाळेत जाऊन नाव कमी करून ये, असे मला सांगितले.

मी गेलो. फाटकापर्यंत गेलो. आत सगळे वर्ग एका सुरात काही तरी म्हणत होते, त्यातला एक शब्द मला कळला नाही. हातात टोपी घेऊन मोठ्या बाईंसमोर उभे राहावे लागेल, त्या काही विचारतील व मला उत्तर येणार नाही, असे वाटून मी परत फिरलो. घरी येऊन सांगितले की, शाळेनेच तुझे नाव काढून टाकले. पुस्तके नीट रचून माळ्यावर ठेवलीस आणि ‘बरे’ म्हणालीस. भांडली असतीस तर फार बरे झाले असते.

असो. (‘असो’ लिहिणे सोपे आहे.) घरी मी सांगितले की चौकशी चालू आहे. वस्तुतः मला एक पळवाट सुचली होती. भिंत जर बुटकी असेल, इतकी की तेरा वर्षांची कोणतीही मुलगी सहज ओलांडील, तर दोष भिंतीचा, व बांधणाऱ्या गवंड्याचा, माझा निम्माच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पोलादी पट्टी खिशात घालून गेलो. बाहेरून मोजली, पाच फूट आणि चार बोटे. (पूर्ण बोटे.) आतल्या बाजूने किती भरते हे पाहणे ओघानेच आले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचे एक रिकामे खोके मागून घेतले, ते पालथे घालून त्यावर चढलो व पट्टी आतल्या बाजूस सोडली. पलीकडे पटांगणावर तीस मुली कवायत करीत होत्या. तीसच्या तीस माना माझ्याकडे वळल्या. पहिल्या रांगेतली एक, दोन्ही हात वरच धरून, अतिशय आदराने म्हणाली, “आजोबा, फाटक तिकडे आहे.”

त्याच वेळी खोके मोडले. मी भिंतीच्या बाहेरच्या बाजूस पडलो आणि पट्टी आतल्या बाजूस. राखणीच्या बाईने माझा कोट मागून धरला तो मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत सोडला नाही. जी खोली टाळण्यासाठी मी पंचावन्न वर्षांपूर्वी तुझी शाळा बुडवली, त्याच खोलीत मी कोटाला धरून नेला गेलो. मोठ्या बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या, बाहीला खडूचे पांढरे. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. नाव, वय, धंदा व शिक्षण सांगितले. त्यांनी विचारले, भिंतीवर काय करत होता? मी म्हणालो, मोजमाप घेत होतो. “कशाचं?” मी म्हणालो, अब्रूचे. “कुणाच्या?”

इतका साधा प्रश्न मला चौथीतसुद्धा कोणी विचारला नव्हता, आणि त्याचे उत्तर मला आले नाही. मी खुर्चीवर बसलो आणि सर्व सांगितले. त्यांनी वर्ष तेवढे विचारले, मग कपाटातून एक जुनी नोंदवही काढली. पाठ निखळलेली, शिवण तीन ठिकाणी सुटलेली. मी सवयीने आधी शिवणच पाहिली. मग त्यांनी बोट ठेवले तिथे पाहिले. त्या वेळच्या बाईंचे अक्षर, जसेच्या तसे उतरवतो. नाव: तुझे. इयत्ता: आठवी. कसूर: भिंत ओलांडून गेली. कारण: भावाचे बोट. शिक्षा: नाही. शेरा: परत येईल.

मी म्हणालो, परंतु हिचे नाव तर कमी झाले होते. मोठ्या बाईंनी हजेरीचा कागद माझ्यापुढे सरकवला व म्हणाल्या, “कुठे? दाखवा बरं. नाव कुणी कापलेलं नाही. तुमची बहीण पंचावन्न वर्षं गैरहजर आहे, एवढंच.”

त्या नोंदवहीची बांधणी मी मागून घेतली आहे. ती या क्षणी माझ्यासमोर फळ्यांच्या दाबात आहे. तुझे पान मी दुहेरी दोऱ्याने शिवले.

घरी अहवाल दिला. सगळे टेबलाशी बसले असताना मी उभा राहून वाचला, रकान्यांसकट. शेवटी लिहिले होते की, सदर शाळेच्या बदलौकिकाचा उगम सापडला असून तो याच घरात, याच खुर्चीवर बसून रोज चहा पितो. मुलगा खाली पाहत होता. सुनेने कप माझ्याकडे सरकवला व म्हणाली, “बाबा, बसा. चहा निवतोय.” तिने असे बोलण्याऐवजी टोचले असते तर चालले असते.

तुझ्याकडे माझे काही मागणे नाही. माहिती असावी म्हणून लिहिले. मेहुण्यांस नमस्कार सांगावा.

तुझा,
थोरला

ता.क. मागणे नाही असे वर लिहिले ते शिष्टाचारास धरून लिहिले. आठवीत जागा अकरा व अर्ज शंभरावर आहेत. माजी विद्यार्थिनींच्या घरच्या मुलींना पहिला मान आहे, मात्र माजी विद्यार्थिनीने स्वतः येऊन मोठ्या बाईंसमोर सही करावी लागते. मुदत येत्या शुक्रवारी सकाळी अकराची. तू माजी ठरतेस की आजी, यावर मोठ्या बाई म्हणाल्या, ते तिलाच ठरवू द्या. गुडघा ‘बरा’ असेल तर मुलगा तुला आणण्यास गुरुवारी येईल. तू येणार नसलीस तरी ते मला रास्तच वाटेल, फक्त नातीला तू लिही. माझ्याने सांगवणार नाही.

दुसरा ता.क. आलीस तर फाटकानेच यावे. भिंत तेव्हाही पाच फूट चार बोटेच होती, असे राखणीच्या बाई सांगतात, त्यांच्या आधी त्यांची आई याच फाटकावर होती. म्हणजे ती बुटकी नव्हती. तू उंच उडी मारलीस.

तिसरा ता.क. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी नातीने वाचावयास मागितले. (मोठ्यांची पत्रे वाचू नयेत, असे मी तिला नेहमी सांगत आलो, आज सांगण्याचा अधिकार उरला नाही.) वाचून म्हणाली, “आजोबा, सहा पानं लिहिलीत. सगळं आलं, माफी मागायची राहिली.” मी पाने उलटून पाहिली. तिचे म्हणणे खरे आहे. धाकटे, मला माफ कर.

हे वाक्य लिहिताना समक्ष हजर असलेले साक्षीदार: एक, नात, इयत्ता आठवी (अद्याप अनिश्चित). दोन, सून, दाराआडून. तीन, माझ्या डाव्या हाताची करंगळी, जेवढी उरली आहे तेवढी.