सरांच्या पुस्तकाचा कागद

३ जून
मालकांनी सरांच्या पुस्तकाचा कागद निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. प्रेसमधल्या बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. सरांनी आयुष्यभर पक्षी बघून केलेल्या नोंदी आहेत, ऐरंगैरं पुस्तक नव्हे. शिवाय सर म्हणजे तिचे वडील. कागद ठरला की त्याच दिवशी तिला लग्नाचं विचारायचं. नक्की.

५ जून
नमुने घरी आणले. प्रत्येक कागद उजेडात धरला, कानाशी हलवला, हुंगला. आईने विचारलं, कागद बघतोयस की भाजी निवडतोयस? दुर्लक्ष केलं.

६ जून, दुपार
ती प्रुफं न्यायला प्रेसमध्ये आली. तिला पांढऱ्यातले प्रकार समजावले: दुधी, मोतिया, हस्तिदंती. मध्येच म्हणाली, तिला एक स्थळ सांगून आलंय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हस्तिदंती आवडलेला दिसतो.

९ जून
हस्तिदंती रद्द. पिवळट वाटतो. मोतिया थंड वाटतो. झोप नाही. उठून पुन्हा नमुने चाचपले.

१४ जून
मालक खेकसले. अरे, कागद पसंत करतोयस की मुलगी? मी घामाघूम. यांना कोणी सांगितलं?

१५ जून
ठरला! दुधी. जाड, बोटांना मऊ, मागचं अक्षर पुढे दिसत नाही. लगेच तिला फोन लावला. तिने उचलला, मी ठेवला. नुसता कागद ठरल्यावर विचारणं हा उथळपणा झाला. छापून होऊ दे.

१९ जून
मालक गावाला गेलेत. आज मी एक शोध लावला. मोठा ताव मशीनवर आडवा लावला तर कातरण जवळजवळ निघतच नाही. मशीनवाला म्हणाला, तू म्हणशील तसं, मला काय. इतकी वर्षं हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही! मालक परतले की पाठ थोपटतील.

२४ जून
छपाई देखणी. ती येऊन गेली म्हणे. मी आत गठ्ठे बांधत होतो. निरोप ठेवलाय: काही बोलायचं असेल तर या आठवड्यात बोल. बहुधा मुखपृष्ठाबद्दल असेल. बांधणी झाली की पहिली प्रत तिच्या हातात ठेवूनच विचारतो. तेच शोभून दिसेल.

२८ जून
मालक आले. पहिली प्रत उघडून टेबलावर ठेवली. फटकन मिटली. पुन्हा ठेवली, पुन्हा मिटली. मग प्रेस दणाणली. गाढवा, कागदाला एक दिशा असते, त्या बाजूनेच तो सहज वळतो! आडवा लावलास, आता हे पान जन्मात सपाट पडायचं नाही! मी म्हणालो, वाचक दोन्ही हातांनी धरेल, म्हणजे मन लावून वाचेल. मालकांनी प्रत भिंतीवर भिरकावली. एक पान सुटलं नाही. बांधणी मजबूत आहे.

३० जून, संध्याकाळ
प्रत घेऊन सरांकडे गेलो. सर रागावले नाहीत. एका पानावर चष्म्याची डबी, दुसऱ्यावर पाण्याचा पेला ठेवून वाचायला बसले. तिला विचारलं, पुस्तक कसं वाटलं? म्हणाली, तुझ्यासारखंच आहे. कितीही उघडा, मिटून बसतं. मग चहा आणून दिला आणि सांगितलं, त्या लोकांना आज सकाळी होकार कळवला.

चहा गार झाला. अभिनंदन म्हणायचं होतं, पण तशी वेळच सापडली नाही.

दुसऱ्या आवृत्तीला ताव उभा लावायचा. मालकांना उद्या सांगतो. उद्या नको, परवा.