ओपन६४

गुरुवार, ६ मार्च २०२५, संध्याकाळी सात. कारखान्यातून आलो, अजून बूटही काढले नाहीत.

टॉवेलच्या नक्षीचा जुना प्रोग्राम फाइल उघडायला कॉम्प्युटरमधल्या ‘ओपन’ नावाच्या फंक्शनला हाक मारतो. ती हाक मधेच पकडून फाइल नव्या डिस्कवर वळवायची, एवढंच माझं काम. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर चाळीस वेळा चाललं. कारखान्यातल्या मशीनवरची प्रत मात्र ‘ओपन६४’ला, त्याच कामाच्या दुसऱ्या फंक्शनला, हाक मारते. ती मी पकडलीच नव्हती. पंधरा दिवसांच्या नक्ष्या जुन्या डिस्कवरच गेल्या आणि ती डिस्क आज नक्ष्यांसकट बंद पडली.

मालक म्हणाले, “आमच्या मशीनवर एकदा बघायला काय झालतं तुला?”

विचारलं होतं की! तेव्हा म्हणाले, “बारावी नापास तू, मशीनला हात लावू नको. पेनड्राइव्ह दे, आम्ही टाकतो.” मी हे तोंडावर का बोललो नाही? चाळीस वेळा, पण माझ्याच मशीनवर.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. नक्षी काढणाऱ्या व्यंकटेशमामांनी चष्मा पुसला. बुडालेली नक्षी पहिल्या पाकळीपासून काढायला पुन्हा बसले.