उजवा डोळा

१२ मार्च

चि. चिमे,
अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. तुझी वहिनी जिना चढताना गुडघ्याला नावं ठेवते, उतरताना मला.

भाचीचं पत्र मिळालं. तिने समुद्री माशांची टाकी मांडली, वाचून आनंद झाला. ‘मामा, तुझ्या हिरव्या झोअँथिडचा तुकडा दे ना,’ म्हणते. हे प्रवाळ दिसतं फुलांच्या ताटव्यासारखं, पण पसरतं चटईसारखं. एका फुलाच्या बुडाशी दुसरं फुटतं, मग तिसरं. दगड भरला की शेजारच्या दगडावर, तिथून काचेवर. वाटेत दुसरं प्रवाळ आलं तर त्यालाही झाकून टाकतं. मी हौसेने चार फुलं आणली होती. दोन वर्षांत अर्धी टाकी त्यांची झाली.

म्हणूनच त्या दिवशी दगड बाहेर काढून खरवडायला घेतला, आणि तुला धरायला बोलावलं. तू विचारलंस, "दादा, डोळ्यांना काही लावू का?"

"अगं, फुलंच तर आहेत!" मी म्हणालो.

चिमे, मला माहीत होतं. त्यांच्या अंगात विष असतं, डोळे जपा, असं दुकानदाराने दोनदा बजावलं होतं. माझ्या हातात मोजे होते, नाकावर चष्मा होता. तुझ्याकडे काहीच नव्हतं.

चिळकांडी तुझ्या उजव्या डोळ्यात उडाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नक्की काय गेलं?" तू तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "मिठाचं पाणी." त्यांनी डोळा धुतला, थेंब दिले, घरी पाठवलं. चार दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग दिसला. घड्याळं दुरुस्त करताना तू भिंग त्याच डोळ्याला लावायचीस. तुझं दुकान बंद झालं.

सहा वर्षं तू सगळ्यांना सांगतेस, "मीच वेड्यासारखा डोळा चोळला." मी शेजारी बसून मान डोलावतो.

तू चोळला नसतास तरी हेच झालं असतं. वेळेवर खरं सांगितलं असतं तर कदाचित नसतं झालं.

काल वहिनीला सांगितलं. तिने हा कागद आणून समोर ठेवला.

तुकडा पाठवत नाही. दुकानदार सगळे दगड घेऊन गेला. तुझ्या डॉक्टरांनाही विषाचं नाव कळवलंय. उशीरच झाला, पण निदान त्यांच्या कागदावर तरी खरं असू दे.

हे पत्र भाचीला तूच वाचून दाखव. तिला मामा फार आवडतो, म्हणून मधलं काही गाळू नकोस.

तुझा अपराधी,
दादा