दोन डाव्या बाह्या

१२ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. नणंद असावी तर अशी! चित्रपट संग्रहालयात तुटकी रिळं जोडता जोडता तू माझ्यासाठी जुन्या इटालियन रहस्यपटांच्या सीडी पाठवतेस, म्हणून माझ्या संध्याकाळी बऱ्या जातात. या वेळचा तर कुणी नावसुद्धा ऐकलं नसेल असा. ओठ एक बोलतात, आवाज भलतंच, खालच्या ओळी निम्म्या गायब. तरी काळे हातमोजे दिसले की मी पाय खुर्चीवर ओढून घेते. आपल्या नियमाप्रमाणे शेवट न बघता बंद केलाय. माझा अंदाज घे: खुनी बाई आहे. रेनकोटाची बटणं डाव्या अंगाला होती, म्हणजे बायकांचा कोट. शिंप्याची बायको आहे मी, उगाच नाही!

आता दुसरं. तुला ठाऊकच आहे, दुकानात मी माप घेऊन मोठ्याने सांगते आणि हे खडूने आखून कापतात. मागच्या आठवड्यात एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. हे म्हणाले, तूच मला घोळात टाकलंस. मग कात्री पिठाच्या डब्यात सापडली, दुकानाची किल्ली बुटात. हे म्हणतात तूच ठेवलंस, आणि मी नाही म्हणताना माझाच मला भरवसा वाटत नाही. काल तर गिऱ्हाइकासमोर म्हणाले की हिला वेड लागायची वेळ आली आहे. डॉक्टरांकडे चल म्हणून मागे लागलेत. खरंच मला काही होतंय का गं? मला फार भीती वाटते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी
वहिनी

२० जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

फसलीस! तो रेनकोट तू आरशात पाहिलास. आरशात डावं ते उजवं होतं, शिंपीणबाई. आता शेवट बघ, तोंडात बोट घालशील.

थट्टा पुरे. तुझं पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. वहिनी, ही गोष्ट आपण दोघींनी किती वेळा पाहिली आहे! घरातल्या वस्तू हलतात, नवरा गोड आवाजात म्हणतो की तू दमली आहेस, मग डॉक्टर येतो, आणि शेवटी कळतं की मालमत्ता बायकोच्या नावावर होती. दुकान तुझ्या वडिलांनी तुझ्या नावावर केलंय. आणि दादाने मागच्या महिन्यात मला फोनवर विचारलं होतं, दुकान विकून टाकलं तर कसं. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता त्याचा अर्थ लागतोय.

या वेळी माझा अंदाज मी लिहूनच टाकते: दादा. सख्खा भाऊ आहे, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरला आहे, हे लिहिताना रडू येतंय. पण म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढून घेणार नाही. कशावरही सही करू नकोस. लपून बघ, तो काय करतो ते. हे पत्र त्याच्या हाती लागू देऊ नकोस.

मी तुझ्या बाजूने आहे, हे धरून चाल.

तुझी
बारकी

२ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. बाजारात जाते म्हणाले आणि मागच्या दाराने येऊन दुकानातल्या पडद्याआड उभी राहिले, जिथे गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात तिथे. यांनी कापता कापता थांबून कात्री अस्तराच्या तुकड्यात गुंडाळली आणि चहाच्या किटलीत ठेवून झाकण लावलं. मी चेहऱ्यावर लबाडी शोधत होते. काहीच नव्हतं. जागच्या जागी वस्तू ठेवावी तसे ठेवून वळले.

आणि मग कात्री शोधू लागले. खण उपसले, गाठोडी सोडली, टेबलाखाली वाकले. शेवटी स्टुलावर बसून कपाळावर हात मारून घेऊ लागले. रिकाम्या दुकानात मला हाका मारत होते.

तुझा अंदाज बरोबर निघाला, बारके, आणि पार चुकला. हात यांचाच आहे, पण यांना त्याचा पत्ता नाही. कट असता तर बरं झालं असतं गं. मी कंबर कसून भांडले असते. आता कुणाशी भांडू?

मी पडद्याआडून मागच्या दाराने निघून पुढच्या दाराने आले आणि म्हणाले, कात्री मीच किटलीत ठेवली. हे हळूच म्हणाले की म्हणूनच तर डॉक्टरांकडे चल म्हणतो. मी हो म्हटलं. स्वतःसाठी हे जन्मात गेले नसते, माझ्यासाठी येतील. डॉक्टरांना फोनवर आधीच सगळं सांगून ठेवलंय. दादावर राग धरू नकोस.

तुझी
वहिनी

२६ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिणं हे तुझ्या वहिनीचं खातं, म्हणून माझं वेडंवाकडं गोड मानून घे. तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी तिला जेमतेम दोन प्रश्न विचारले आणि मला मात्र विचारतच सुटले. साल कोणतं, कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा. मी चिडलो, म्हणालो की आजारी ही आहे. मग टेबलावरची फाईल दिसली. तिच्यावर माझं नाव होतं. वहिनीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

आता ती कापते, मी इस्त्री करतो. दुकान विकायचं मी मनात आणलं होतं, कारण आखलेलं मलाच उमजेनासं झालं होतं. तिला सांगायची लाज वाटली. संध्याकाळी ती मला शेजारी बसवून तुझे खुनाचे चित्रपट दाखवते. खुनी कोण ते मेली सांगत नाही.

एक विचारायचं आहे. काल जुनं गिऱ्हाईक आलं होतं. जाताना म्हणालं, आता बाईंना वेडी म्हणत नाही ना तुम्ही? मी तिला विचारलं. ती म्हणाली की तुम्ही मला कधी वावगा शब्द बोलला नाहीत. इतक्या चटकन म्हणाली की मला खरं वाटेना. तिने तुला लिहिलं असेल. मी काय काय बोललो ते सगळं मला कळव, काही झाकू नकोस. आणि लवकर कळव. मला तिची माफी मागायची आहे, आणि कशाची ते लक्षात राहतंय तोवरच मागता येईल.

वाट बघतो.

तुझा
दादा