फणीतला केस

औसा, रविवार, दिवे लागायची वेळ

डोकं चालेना. मुदखेडहून लग्न होऊन इथं आले आणि बोअरच्या पाण्यानं केस पार कडबा झाले. मोबाईलवर एकीनं सांगितलं, पाण्याच्या पेल्यात केस टाका. तरंगला तर पाणी आत शिरत नाही, बुडाला तर शिरतं पण टिकत नाही. तेल म्हणे त्यावरून ठरवायचं. फणीतल्या गुंतवळातून दोन केस ओढून टाकले. एक तरंगला, एक बुडाला. एकाच डोक्याचे असे दोन स्वभाव? पुन्हा दोन टाकले, पुन्हा तेच.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "पेल्यात काय बघायलीस गं?"

सांगितलं.

"तरंगला तो माझा असंल. करडीचं तेल हाय ना त्याला. माझी फणी मोडल्यापासून तुझीच घेते मी."

मेंदी दोघी एकाच वाटीतली लावतो, रंगावरून कळणार कसं? म्हणजे महिनाभर जे गुंतवळ बघून मी रडले, ते कुणाचं होतं?

"आत्या, तुमचे लई गळायलेत का?"

त्यांनी पदर पुढं ओढला. "वय झालं की गळतेतच. त्याला सांगू नको."

त्याला म्हणजे त्यांच्या लेकाला. का नको? किती दिवसांपासून गळतायत?

नवी फणी आणावी का? आणली तर वाटेल, सुनेला किळस आली.

पेल्यातला तो केस अजून वरच आहे. बोटानं दाबून पाहिला, परत वर आला. माझा असता तर बरं झालं असतं.