मुकादमासाठी मागणं

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कारखान्याला कुलूप लागलं ते लागलंच. सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्या आम्ही सगळ्या जणी घरी बसलो आहोत. मोठी जागा सोडून मी एका खोलीत आले. खिडकीशी मशीन, भिंतीशी पलंग आणि उरलेल्या जागेत मुकादम. मी शिवायला बसले की हा बोका शेजारी बसून टाक्यांवर नजर ठेवायचा, म्हणून ह्यांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं. हे गेल्यापासून माझ्यावर डोळे वटारणारा घरात तेवढा एकच उरला आहे.

आता त्याच्या मूत्रपिंडांचं दुखणं निघालंय. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी वेगळं खाणं सांगितलं आहे, ते मला झेपत नाही. त्यात घरमालकीणबाईंनी बजावलंय की कोणा बिऱ्हाडकरूची हरकत नसेल तरच बोका महिनाअखेरनंतर इथे राहील. तळमजल्यावरच्या आजोबांची हरकत आहेच. ते रेल्वेत तिकीट तपासनीस होते, अजूनही तसेच बघतात.

मन घट्ट करून लिहिते, मुकादमाला तू घेऊन जा. तुझ्या बेकरीत उंदीर झालेत असं वहिनी म्हणत होती. त्याला दुपारी उन्हात झोपू द्यावं, एवढंच मागणं.

तुझी धाकटी,
ठकी


ता. ८ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

बेकरीत उंदीर नाहीत. तुझी वहिनी माझ्याविषयी बोलत असेल. बोका मात्र मला घेता येणार नाही, कारण मांजराच्या केसांनी तिला शिंका येतात, आणि पावावर शिंकलेलं गिऱ्हाइकांना आवडत नाही.

तुझा खरा आजार मला ठाऊक आहे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि तू लहानपणी भूक लागली की स्वयंपाकघर झाडायला घ्यायचीस. कोणीतरी ओळखावं आणि वाढावं, अशी अपेक्षा. आई ओळखायची, जग ओळखत नाही. मालकीणबाई, डॉक्टरबाई आणि ते आजोबा, तिघांकडे स्वतः जा आणि तोंड उघड. नाही म्हणाले तर म्हणाले, खाणार तर नाहीत.

तुझी वहिनी आठवण काढते. प्रकृतीला जप.

तुझा,
दादा


ता. १५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे तिघांकडे जाऊन आले. मालकीणबाईंच्या आरामखुर्चीची शिवण उसवून आतला स्पंज बाहेर डोकावत होता. ते बघून मला राहवेना. पिशवीत वाकडी सुई होतीच. खुर्ची झाली, चहा झाला, त्यांनी माझ्या हाताचं कौतुक केलं, आणि मी वर आले.

दवाखान्यातल्या बाकाचं रेक्झिन फाटलं होतं. पाळी येईपर्यंत जमिनीवर गुडघे टेकून तेही शिवलं. आजोबांची खुर्ची इतकी खचली होती की बसलं की गुडघे कानाला लागत. खालचे पट्टे नव्याने ताणून दिले. दुसऱ्या दिवशी ते दुसरी खुर्ची घेऊन दारात हजर. आता अख्खी इमारत खुर्च्या आणते.

मुकादमाचा विषय तेवढा निघाला नाही. कसा काढावा, कळत नाही रे.

ठकी


ता. १९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

धन्य आहेस. इमारतीला बसतं केलंस आणि स्वतःचा बोका उभाच ठेवलास. तुझी सुई फार छान बोलते, पण लोकांना सुईची भाषा येत नाही. आता पिशवी घरी ठेव आणि रिकाम्या हातांनी जा. माझ्यावर चिडलीस तरी चालेल.

दादा


ता. ३० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुकादम राहिला.

रविवारी मालकीणबाईंनी सगळ्या बिऱ्हाडकरूंना बैठकीसाठी अंगणात बोलावलं होतं. जो तो आपापली खुर्ची घेऊन आला. बघते तर सगळीकडे माझेच टाके. सुई नव्हती, म्हणून हातात मुकादमाला धरलं होतं. एका खुर्चीचा दोरा लोंबत होता, तिकडे हात जात होता, पण आवरला. उभी राहिले आणि सांगितलं की हा बोका मला हवा आहे, ह्याचं करणं मला एकटीला जमत नाहीये, मला मदत करा. आवाज फाटला, पण वाक्य पुरं केलं.

सगळे आजोबांकडे बघायला लागले. ते म्हणाले की हा रोज त्यांच्या दाराशी बसून त्यांना न्याहाळतो, आणि जन्मभर दुसऱ्यांना तपासल्यावर म्हातारपणी स्वतःला तपासून घेणं त्यांना सोसत नाही. अंगण हसलं, तेही हसले. मग म्हणाले की दोन खुर्च्या शिवून घेतल्या तरी ह्या बाईला काय हवंय ते समजेना, आज कळलं, हरकत संपली. मी शिवणाच्या कामाला बाहेर गेले की त्याला तेच सांभाळणार आहेत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे त्याच्या खाण्याचं विचारलं. त्यांनी मला धरून बाकाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. बाकाच्या वरच भिंतीवर पाटी होती, अडचणीत असाल तर मागा, इथल्या कपाटात जनावरांसाठी लोकांनी ठेवलेलं खाणं आहे. त्या पाटीखाली गुडघे टेकून मी दुपारभर शिवत होते, दादा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मुकादमाचं खाणं तिथून सुरू झालं. मागायची भीड चेपली, तशी त्यांच्याकडे कामही मागितलं. दवाखान्याचे सगळे बाक माझ्याकडे आलेत, आणि त्यांच्या ओळखीने एका वाचनालयाच्या खुर्च्याही.

काल वहिनीचा फोन आला होता. तिला मांजराने जन्मात शिंक आलेली नाही म्हणे. बोका तुझ्याकडे आला असता तर मी ह्या खोलीत कोणाशीही न बोलता शिवत बसले असते, हे तुला माहीत होतं ना? मी रडले, आणि मग तुझा रागही आला, दोन्ही कळवून ठेवते.

आता सवय लागली आहे, म्हणून आणखी एक मागते. मला तुला भेटायचंय, चार दिवस ये. तुझ्यासाठी एक खुर्ची नवी करून ठेवली होती, ती मुकादमाने बळकावली आहे. बसायला हवी असेल तर त्याच्याकडे तुलाच मागावी लागेल.

लोभ आहेच, तो घेऊन ये.

तुझी,
ठकी